वीस टक्क्यांत गाव मावतं का?

डोंगरातल्या पर्यटनावर काम करायचं ठरवलंत, तर स्वित्झर्लंडचा २० टक्क्यांचा नियम तुमच्यासमोर येणारच. ११ मार्च २०१२ रोजी तिथे जनमत घेतलं गेलं. कुठल्याही गावात दुसरी घरं, म्हणजे सुट्टीपुरती वापरायची घरं, एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत, हा फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाद्याचा प्रस्ताव ५०.६ टक्के मतांनी जेमतेम पास झाला. डोंगरउतारांवरची बांधकामं थांबवणं, हा त्यामागचा मोठा हेतू.

माझ्या पहिल्या प्रस्तावात मी हाच आकडा उचलला. विसाच्या वर ते 'मरणारं गाव', खाली ते 'जिवंत'. गाइड मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: 'नोव्हेंबरात तिथे कोण असतं?' (उन्हाळी पाहुणे गेलेले, स्कीइंग सुरू व्हायचंय.) माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हिशेब करून बघा. गावात ५०० घरं, त्यातली ९० दुसरी, म्हणजे १८ टक्के. पंधरा कुटुंबं खाली दरीत राहायला गेली आणि त्यांची घरं शहरातल्यांनी घेतली. झाले २१ टक्के. एक वीटही न रचता! नियम रोखतो ते मुख्यतः नवं बांधकाम. २०१२ च्या मतदानाआधीची जुनी घरं दुसरं घर म्हणून वापरायला संघीय कायदा साधारणपणे मोकळीक देतो; कँटनने किंवा गावाने निर्बंध घातले तर गोष्ट वेगळी. म्हणजे उतार वाचेल, पण पंधरा कुटुंबं जायची ती जातीलच.

व्याख्याही नीट वाचा. गावात नोंद असलेला एक माणूस राहत असला, की ते पहिलं घर. तो पहाटे कामाला जाऊन रात्री झोपायलाच येत असला तरी! उलट वर्षातले पाच महिने राहणारी, गावच्या गायनमंडळात गाणारी निवृत्त बाई 'दुसऱ्या' रकान्यात.

हिल्बर आणि शोनी यांचा २०२० चा शोधनिबंध जरूर वाचा. बंदीमुळे स्थानिकांच्या घरांच्या किमतींची वाढ मंदावली, दुसऱ्या घरांची वाढली आणि बेकारीही वाढली, असं ते दाखवतात. पद्धत भक्कम आहे, मला तरी पटते. पण किंमत आणि रोजगार म्हणजे गावाचं बारमाही जगणं नव्हे. तसा त्यांचा दावाही नाही; तो आपण त्यांच्या तोंडी घालतो.

लोणावळा-महाबळेश्वरवर काम करणाऱ्यांची अडचण तर त्याहून मूलभूत. आपल्या २०११ च्या जनगणनेत दुसऱ्या घराला वेगळा रकानाच नाही. बंद दार दिसतं, पण मालक कामासाठी बाहेरगावी आहे की फक्त शनिवार-रविवारी येतो, ते आकड्यावरून कळत नाही.

आता माझ्या प्रस्तावात टक्केवारी आहे, पण ती कारणांच्या बाजूला. परिणाम म्हणून मी वेगळ्याच गोष्टी मोजणार आहे: शाळेतली पटसंख्या, स्वयंसेवी अग्निशमन दलात दिवसा हाकेला येऊ शकणारी माणसं आणि नोव्हेंबरात उघडी असलेली दुकानं.