‘आंदण’ या शब्दाआड : मुंबई, इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट

मुंबईचे बेट पोर्तुगालने इंग्लंडच्या राजाला आंदण दिले, हे वाक्य मराठीतील स्थानिक इतिहासाच्या लेखनात इतक्या वेळा येते की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. शब्द चुकीचा नाही. मात्र त्यामुळे १६६१चा विवाह-करार हा दोन राजघराण्यांतील घरगुती व्यवहार ठरतो आणि त्यामागील राजा व पार्लमेंट यांचा संघर्ष दृष्टीआड होतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप याला आहे.

कर कोणाच्या संमतीने घ्यावा आणि चर्चची व्यवस्था कोणी ठरवावी, या वादांतून इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले व १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. १६६० मध्ये त्याचा पुत्र दुसरा चार्ल्स गादीवर आला. तिजोरीची किल्ली मात्र पार्लमेंटकडेच राहिली. वर्षाला १२ लाख पौंड मंजूर झाले, पण सुरुवातीच्या वर्षांत वसुली त्याहून बरीच कमी होती. अशा राजाला कॅथरीनसोबत येणारे २० लाख क्रुझादो, टँजियर आणि मुंबई म्हणजे पार्लमेंटपुढे हात न पसरता लाभणारी मिळकत होती.

धर्माच्या बाबतीत तर हा करार अधिक बोलका आहे. त्याच्या ११व्या कलमाने मुंबईच्या रहिवाशांना रोमन कॅथलिक धर्माचरणाची मोकळीक दिली. मायदेशी मात्र चार्ल्सला ती देता आली नाही. १६७२ मध्ये त्याने धर्मविषयक दंडक स्थगित करणारा जाहीरनामा काढला. परंतु युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून पुढच्याच वर्षी तो मागे घेऊन कॅथलिकांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारा टेस्ट कायदा स्वीकारावा लागला. वेस्टमिन्स्टरमध्ये जे जमले नाही, ते माहीमच्या चर्चपुरते राजाच्या सहीने साधले होते! अर्थात ही मोकळीक मालमत्तेपर्यंत पोहोचली नाही. आजच्या हिंदमातापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, परळला, जेझुइटांची वास्तू होती. ती पुढे कंपनीने ताब्यात घेतली, तेथे गव्हर्नरचे निवासस्थान झाले आणि १८९९ पासून आजची हाफकिन संस्था तेथे आहे.

मुंबईचा खर्च उत्पन्नाला झेपेना, तेव्हा २७ मार्च १६६८च्या सनदेने राजाने वार्षिक १० पौंड खंडावर ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजियरने येथील जमीनधारकांशी करार केला : त्यांनी वर्षाला २०,००० झेराफीन द्यावेत, कंपनीने जमिनींवरील दावे सोडावेत. संमतीने कर, हे तत्त्व येथे दिसते खरे. पण संमती एकदाच घेतली गेली आणि तीही जमीनधारकांची. याला पार्लमेंटची छोटी आवृत्ती समजणे भाबडेपणाचे होईल.

डिसेंबर १६८३ मध्ये रिचर्ड केग्विनने बंड केले ते सैनिकांच्या वेतनकपातीवरून, आणि राजाच्या नावाने. नोव्हेंबर १६८४ मध्ये राजाज्ञेनेच त्याला बेट कंपनीला परत द्यावे लागले. त्याच सुमारास लंडनमध्ये सँडिस खटला चालू होता. ख्रिस्तेतर देशांशी होणाऱ्या व्यापारावर राजाचाच अधिकार, असा कंपनीचा युक्तिवाद होता आणि १६८५ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला. १६८८च्या क्रांतीनंतर वारे फिरले. पार्लमेंटच्या कायद्याने मनाई नसेल तर पूर्वेकडील व्यापाराचा हक्क सर्व इंग्रजांना समान आहे, असा ठराव कॉमन्स सभेने १६९४ मध्ये केला. मुंबईतील करदात्याचा त्यात उल्लेख नव्हता.