माग कुणी काढायचा?

रहस्यकथेचं नाव काढलं की आपल्यातले बरेच लिहिते मित्र नाक मुरडतात. कविता लिहा, आत्मकथन लिहा, पण हेरकथा? ती म्हणे टाईमपासची चीज. मला हे पटत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चुरचुरत असताना जे पुस्तक खाली ठेवत नाही, ते असं झटकून टाकता येत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळा पहाड ही नावं काही समीक्षकांनी मोठी केली नाहीत.

तर दोस्तहो, या कथेचं यंत्र चालतं कशावर ते बघू. कोण कुणाकडे बघतो, यावर. चेस्टरटनची 'द इनव्हिजिबल मॅन' नावाची गोष्ट आहे, १९११ च्या फादर ब्राऊन संग्रहातली. चार माणसं दारावर नजर ठेवून असतात, तरी आत खून होतो आणि चौघंही सांगतात, कुणीच आत गेलं नाही. गेलेला असतो पोस्टमन. (गोष्ट फोडल्याशिवाय मुद्दा निघत नाही म्हणून फोडतो.) राबणारा माणूस माणसात मोजलाच जात नाही, हे चेस्टरटननं बरोबर पकडलं. पण पुढं काय केलं? त्याला खुनी केलं. ज्याच्याकडे कुणी बघत नाही तोच सगळं बघत असतो, ही दुसरी गोष्ट तशीच राहिली.

आता आपल्याकडं या. इथली गंमत वेगळीच. इथं माणूस दिसत नाही असं नाही. आधी जात दिसते, आणि मग माणूस दिसेनासा होतो. आणि नेमकं हेच आपल्या ऐतिहासिक हेरकादंबऱ्यांना ठाऊक नसल्यासारखं वाटतं. बहिर्जी नाईक घ्या. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीत सभासद बखरीत त्याचं नाव येतं, पण थोडक्यात. उरलेलं सगळं कादंबरीकार भरतो, भरू दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरतो काय? सोंगं! आज फकीर, उद्या गोसावी, परवा भिकारी. दाढी चिकटवली की वाड्यात शिरला. अरे, कुणी विचारलं नाही का, "कुठला रे तू? कुणाचा?" ज्या मुलखात पाणी प्यायच्या आधी जात सांगावी लागे, तिथं हेराची पहिली झडती जातीची व्हायची. बोलण्यातला एक शब्द, ओंजळ धरायची एक पद्धत, आणि मेला. यापेक्षा मोठा थरार कुठला? तोच नेमका गाळतात, आणि मग तलवारीचा खणखणाट वाढवावा लागतो.

दुसरी गोष्ट तपासाची. शेरलॉक होम्स छापून आला १८८७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गावात चोरीचा माग काढायचं काम गावकामगारांचं होतं, विशेषतः रामोशाचं. पाऊल ओळखायचं, शिवेपर्यंत माग न्यायचा. माग शिवेपलीकडं गेला तर जबाबदारी त्या गावाची. नाही गेला तर भरपाई राखणदाराच्याच गळ्यात. विचार करा, लंडनचा तो साहेब हरला तर त्याच्या घरची भांडी जात नव्हती. आणि पुढं? इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्यानं तो देशभर पसरला, आणि माग काढणारेच हजेरीला उभे राहिले. १९५२ ला कायदा गेला. पण रहस्यकथेत बंगल्यावर चोरी झाली की पहिला संशय अजून नोकरावर, माळ्यावर. चांगला लेखक निदान शेवटी त्याला निर्दोष सोडतो. पण तपास त्याच्या हातात देत नाही.

का देऊ नये? आमच्या सूतगिरणीत बघा. ब्लोरूमचा माणूस भुवयांपर्यंत पांढरा. मागावर जन्म घातलेला माणूस घरी बायकोशीही ओरडून बोलतो, कारण कान गेलेले. हे ओळखायला भिंग लागत नाही. जमादाराच्या चालीवरून आज कुणाला बसवणार ते बदलीवाल्याला फाटकातच कळतं. एवढं बघणारा माणूस तपास करू शकत नाही म्हणता?

बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा त्याच नावाच्या १९६३ च्या संग्रहात आहे. तिला कुणी हेरकथा म्हणत नाही, मी म्हणतो. रेल्वेतली नोकरी, भाड्याची खोली, खोटी ओळख, आणि कधी उघडा पडेन ही धास्ती. हेराला निदान परतायला आपला मुलूख असतो. या माणसाला तो नाही. हेरकथा लिहू बघणाऱ्यांनी ती परत वाचावी. आशयासाठी वाचली असेलच, आता रचनेसाठी वाचा. भीती कुठं सुरू होते, कुठल्या साध्या प्रश्नानं वाढते, प्रेमानंसुद्धा कशी वाढते, ते पेन्सिलीनं खुणा करत बघा.