न्यायाची फूटपट्टी कोणाच्या हातात?

महासंगणक एकच असतो आणि वापरणारे पुष्कळ. म्हणून कामांची रांग लागते. ती न्यायाने चालते की नाही, हे एका आकड्यात सांगण्याचे प्रयत्न बरेच झाले. ते आकडे कितपत विश्वासार्ह आहेत, ते येथे तपासू.

समजा, १० प्रोसेसरचा एक संगणक आहे. त्यातील ६ प्रोसेसर ४ तास गुंतलेले आहेत. रांगेतील पहिल्या कामाला ८ प्रोसेसर हवेत. त्यामागच्या कामाला ४ प्रोसेसर, ३ तास. रांग काटेकोर पाळली तर ४ प्रोसेसर रिकामे बसतील. मागच्याला आधी घेतले तर ते वेळेत संपते व पहिल्याचे काहीच बिघडत नाही. अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेतील डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये मांडलेली 'ईझी' पद्धत हेच करते. मात्र ती हमी देते फक्त रांगेतील पहिल्याला. तिसऱ्या-चौथ्याला मागून आलेले काम अडवू शकते. मग अन्याय किती झाला?

एक माप म्हणजे रखडण्याचे प्रमाण: थांबण्याचा व चालण्याचा वेळ मिळून जो होतो, त्याला चालण्याच्या वेळाने भागायचे. ही प्रमाणे एकमेकांशी किती जुळतात, हे राज जैन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८४ च्या निर्देशांकाने काढता येते. बेरजेच्या वर्गाला, वर्गांची बेरीज गुणिले कामांची संख्या, याने भागायचे. दोन कामांची प्रमाणे १ व ३ असतील तर १६ भागिले २०, म्हणजे ०.८. दोन्हींची ५ असतील तर १०० भागिले १००, म्हणजे पूर्ण १! दोघेही अधिक रखडले, पण गुण वाढले. दोष निर्देशांकाचा नाही. तो समानता मोजतो. आपण तिला न्याय समजतो.

ओहायो राज्य विद्यापीठातील जेराल्ड सॅबिन व पी. सदयप्पन यांनी २००४-०५ च्या सुमारास अधिक चांगला प्रश्न विचारला: या कामानंतर दुसरे कोणी आलेच नसते, तर ते केव्हा सुरू झाले असते? त्याहून जो उशीर झाला, तो अन्याय. येथे मागून आलेल्यांमुळे कोणाचे किती नुकसान झाले ते कळते, आणि हा मोठाच गुण आहे. परंतु ती 'न्याय्य वेळ' त्याच पद्धतीच्या नियमांनी काढली, तर परीक्षार्थीच प्रश्नपत्रिका काढतो असे होते. मोठी कामे रात्रीपर्यंत अडवून ठेवणाऱ्या पद्धतीत मोठ्या कामाची न्याय्य वेळ रात्रीचीच ठरेल आणि अन्याय शून्य दिसेल.

म्हणून आमच्या मते सर्व पद्धतींना एकच बाहेरची कसोटी लावावी. काटेकोर रांगेशी तुलना हा त्यातला सोपा मार्ग. सरासरीबरोबरच सर्वांत जास्त कोण रखडले, आणि लहान-मोठी कामे वेगवेगळी किती थांबली, हेही छापावे. कारण रखडलेल्या मोठ्या कामामागे एखाद्या संशोधकाचे महिन्यांचे श्रम असू शकतात आणि सरासरीत ते दिसत नाहीत.

वरचे उदाहरण वर्गात चौकटीच्या कागदावर सोडवून पाहावे: आडवे तास, उभे प्रोसेसर. शेवटी विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: हा न्याय कोणाशी तुलना करून ठरवला?