आपल्या दारची झाडे, परक्या भाषेतील ग्रंथ

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची शास्त्रशुद्ध नोंद करणारा थिओडोर कुक ह्यांचा ग्रंथ १९०१ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. कुक हे मूळचे अभियंते, पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९५८ मध्ये त्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण केले, आणि कोकणात वा घाटमाथ्यावर हिंडणारा अभ्यासक आजही प्रथम कुक उघडतो. परंतु मुकुंदवाडीच्या वाचकाने तो उघडला तर त्याच्या हाती निराशा येते. ह्या ग्रंथात आपला मुलूखच नाही! कारण उघड आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इलाख्याची हद्द संपली तेथे कुक ह्यांची लेखणी थांबली. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर तरवड सारखाच फुलतो. पण एका तीरावरचा ग्रंथात आला, दुसऱ्या तीरावरचा बाहेर राहिला.

हे ऋण फेडले ते येथल्याच विद्यापीठातील डॉ. व्ही. एन. नाईक ह्यांनी. प्रथम १९७९ साली त्यांनी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि १९९८ मध्ये संपूर्ण मराठवाड्याच्या वनश्रीचे दोन खंड ह्याच शहरातून प्रकाशित झाले. ज्या प्रदेशाचे नाव केवळ दुष्काळाच्या बातम्यांत झळकते, त्या प्रदेशात दोन खंड भरतील एवढ्या वनस्पती आहेत, हे प्रथम आम्हांस ह्या ग्रंथाने पटवून दिले. अशा कामाला आयुष्य द्यावे लागते. पावसाळ्यात माळ तुडवायचे, नमुने दाबून वाळवायचे, जुन्या संग्रहांशी ताडून पाहायचे. आणि हे सारे करूनही लौकिक बेताचाच.

गाजर गवताचे उदाहरण घ्या. मुकुंदवाडी स्थानकापासून चिकलठाण्यापर्यंत रिकामी जागा दिसली की हे गवत हजर. कुक ह्यांच्या ग्रंथात ते शोधून सापडणार नाही, कारण आपल्याकडे त्याची ओळख पटली तीच मुळी १९५० नंतरच्या दशकात, पुण्यात. असे ग्रंथ पिढीगणिक नव्याने लिहावे लागतात ते ह्यासाठी.

तरीही डॉ. नाईक ह्यांच्या खंडांविषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती केवळ त्यांच्याविषयी नाही. ग्रंथ इंग्रजीत आहे. झाड ओळखण्याची त्याची रीत वनस्पतिशास्त्र शिकलेल्यासाठी आहे. पैठण, गंगापूरकडून कामधंद्यासाठी येथे येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांतील आजींना पाथरी, केना, कुर्डू, आघाडा, घोळ ही नावे तोंडपाठ असतात. नातवाला इंग्रजी वाचता येते, पण घोळ कोणती ते ठाऊक नसते. ज्याला झाड ठाऊक त्याला ग्रंथ मुका, आणि ज्याला ग्रंथ वाचता येतो त्याला झाड अनोळखी. आजी गेल्या की ती नावेही गेली.

येथे आम्हां ख्रिस्ती लोकांनी स्वतःकडेही पाहावे. ह्या विद्येत येशूसंघीय धर्मगुरूंची कामगिरी थोर आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रहाला ज्यांचे नाव आहे ते फादर ब्लॅटर. १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे आणि १९६१ ते १९६७ ह्या काळात सर्वेक्षण संस्थेचे संचालक असलेले फादर सांतापाव. दोघांचा आम्हांस अभिमान आहे. पण दोघांनीही लिहिले ते इंग्रजीत. १६१६ साली फादर स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि मराठीला फुलांतील मोगऱ्याची उपमा दिली. त्यांच्याच संघातील ह्या थोर पुरुषांनी मोगऱ्याचे शास्त्र मात्र मराठीत सांगितले नाही, ही रुखरुख राहते.

मराठीत काहीच नाही असे नव्हे. डॉ. शरदिनी डहाणूकर ह्यांची ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ ही पुस्तके घरोघरी असावीत इतकी सुंदर आहेत; परंतु ती झाडावर प्रेम करायला शिकवतात, बांधावरचे अनोळखी रोप ओळखून देणे हा त्यांचा हेतूच नाही. श्री. श्रीकांत इंगळहळीकर ह्यांनी २००१ मध्ये सह्याद्रीच्या फुलांचे सचित्र इंग्रजी पुस्तक काढले. त्यातील छायाचित्रांनी पुष्कळांची वाट सोपी केली. पण तो सह्याद्री आहे, मराठवाड्याचा माळ नव्हे. शिवाय परिभाषेचा घोळ आहेच: शालेय पुस्तकात ‘निदलपुंज’, तर विश्वकोशात ‘संवर्त’. एकाच फुलाच्या एकाच भागाला दोन नावे असतील तर मुलाने कोणते धरावे?

ओळख चुकली तर काय होते ते वर्तमानपत्रांत वाचायला मिळते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात म्हणून शाळकरी मुले खातात आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागते. ब्राह्मी म्हणून दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून डॉ. नाईक ह्यांच्या खंडांवरून कोणी मराठीत दोनशे पानांचे, खिशात मावेल असे पुस्तक सिद्ध करावे. त्यात शास्त्रीय नाव असावे, पण आधी गावोगावचे नाव असावे. विषारी झाडांना वेगळी खूण असावी. दसऱ्याला येथल्या बाजारात ‘सोने’ म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या ढिगाने येतात. त्या पुस्तकात एका पानावर आपटा आणि समोरच्या पानावर कांचन असावा: एकाचे पान लहान व खरखरीत, दुसऱ्याचे मोठे, एकाची फुले बारीक, फिकट पिवळी, दुसऱ्याची मोठी, गुलाबी-जांभळी. एवढे छापले तरी पुष्कळ फांद्या झाडावरच राहतील.