कमाटीबागेचे परीक्षण

एखादे पुस्तक वाईट निघाले तर मिटून ठेवता येते. गावातली बाग वाईट निघाली तर मात्र दोन-दोन पिढ्यांना आपल्या संध्याकाळी तिच्यातच काढाव्या लागतात. मग पुस्तकांची परीक्षणे होतात तशी बागांची का होऊ नयेत? बडोद्याच्या कमाटीबागेवर लिहायला मी बसलो आहे ते एवढ्याच बळावर. बागकामातले मला काही कळत नाही; वाचकांनीही या लेखात झाडांच्या नावांची अपेक्षा ठेवू नये.

निमित्त घरचेच आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत चहा आला की जे दोन-चार विषय हमखास निघतात, त्यांत ‘आपल्याही नदीकाठी बाग व्हावी’ हा एक. अचलपूरला सापन आणि बिच्छन अशा दोन नद्या. पावसाळ्यात मेळघाटच्या डोंगरातून गढूळ पाणी घेऊन यायचे आणि उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवायची, हा त्यांचा वर्षाचा क्रम. बाग कशी हवी असे विचारले की सगळे एका सुरात म्हणतात, “अहमदाबादसारखी!” साबरमतीचा तो नवा काठ डोळ्यांनी पाहिलेले आमच्यात दोघेच, बाकीच्यांनी तो मोबाइलवर पाहिला आहे. मीही त्या बाकीच्यांतलाच होतो. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला दिलेल्या मावसबहिणीने आग्रहाने बोलावले, तेव्हा बायको, मुलगी आणि धाकट्या बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा असे लटांबर घेऊन मी बडनेऱ्याला हावडा-अहमदाबाद गाडीत बसलो. मनात होते अहमदाबाद. बडोदे आपले वाटेत लागते म्हणून.

बागेचे खरे नाव सयाजीबाग. ते पाटीवर असते. बडोदेकरांच्या तोंडी कमाटीबागच. विश्वामित्री नदीच्या काठची ही ११३ एकरांची बाग १८७९ सालची. म्हणजे सयाजीराव महाराज त्या वेळी उणेपुरे सोळा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसला. राज्याचा कारभार त्याच्या हाती आला तो १८८१ मध्ये. मधली वर्षे कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, कुंभकोणमकडचे मराठी गृहस्थ. बाग घातली गेली ती या मधल्या वर्षांत. पण तिला जो अर्थ आला तो नंतर, महाराजांच्या हातून आला असे मला वाटते. नुसती हवा खाण्याची बाग त्या काळी इंग्रजांनी प्रत्येक छावणीत केली होती. या बागेत मात्र १८८७ मध्ये अजबखान्याची इमारत उभी राहू लागली आणि १८९४ मध्ये ती पुरी झाली. मेजर मँट यांनी तिचा आराखडा काढला आणि चिझम यांनी तो तडीस नेला. तिच्या शेजारी १९०८ ते १९१४ या काळात चित्रशाळा बांधली गेली. प्राणिसंग्रहालय पहिल्यापासूनचेच. तारांगण आणि फुलांचे घड्याळ ही पुढच्या काळातली भर. दारातला काळा घोडा, म्हणजे डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा, तो १९०७ चा. बहिणीच्या सासूबाईंच्या आठवणीत आणखी एक गोष्ट आहे : राजवाड्यात राजपुत्रासाठी आणलेली लहानशी आगगाडी पुढे बागेत आली, तिची. “राजाच्या मुलाच्या गाडीत आम्ही एक-एक आणा देऊन बसलो हो,” असे त्या अजूनही सांगतात. ती जुनी गाडी आता बागेत नाही. आजींच्या बोलण्यात मात्र रोज फेऱ्या घालते.

आता मुद्द्याचे. करमणूक आणि ज्ञान यांची अशी सरमिसळ करू नये असे म्हणणारे विद्वान आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पिंजऱ्यातले वाघ पाहून, भेळ खाऊन, हात पुसत पुसत जो माणूस अजबखान्यात शिरतो, त्याला तिथले काय दिसणार? मीही बडोद्याला जाईपर्यंत साधारण याच मताचा होतो. नागपूरच्या अजब बंगल्यात मी शाळेच्या सहलींबरोबर गेलो आहे. मुले रांगेने शिरतात आणि रांगेने बाहेर येतात, हे मला ठाऊक आहे. कमाटीबागेत मी दोन दिवस गेलो. पहिला दिवस घरच्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी एकटाच, आणि वस्तूंपेक्षा माणसांकडेच अधिक पाहत बसलो.

पहिल्या दिवशी आमचा भाचा देवमाशाच्या सांगाड्यापाशी जो थांबला तो हलेना. सत्तर फुटांच्या आसपास लांबीचा हा देवमासा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. पोरगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावले मोजत गेला, आणि परत येऊन म्हणाला,

“मामा, हे कायचे हाडं व्हय?”

“देवमाशाचे.”

“अन्‌ समुद्र कुठी हाये?”

“तो इथून पुष्कळ दूर.”

“मंग थो येथी आला कसा?”

मी महीचे मुख, भरती, वादळ असे जमेल तेवढे सांगितले. भूगोलाच्या तासाला मी ‘नदीचे मुख’ हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल! पण ते मुख एवढे मोठे असते की सत्तर फुटांचे जनावर त्यात वाट चुकून शिरते, हे त्या दिवसापर्यंत मलाही नीट उमगले नव्हते. तो पोरगा मुळात आला होता वाघ पाहायला. अजबखाना वाघाच्या वाटेवर होता म्हणून त्याने देवमासा पाहिला. गावाच्या एका टोकाला, वेगळ्या आवारात, गंभीर चेहऱ्याने उभा असलेला अजबखाना त्याच्या वाट्याला आला असता का? शाळेने नेले असते तर आला असता. पण मग तो रांगेत असता आणि पुढच्या मुलाच्या पाठीकडे पाहत असता. ज्याला शिकायचे आहे तो कुठेही जाईलच. ज्याने शिकायचा विचारही केलेला नाही, त्याच्या पायवाटेवर विद्या आणून ठेवणे, ही या बागेची रचना आहे, आणि तिचे सारे यश मला त्या एका गोष्टीत दिसते. १९०६ मध्ये ज्या राजाने आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच राजाने बागेत मात्र कोणावर सक्ती केली नाही, ही गंमत मला फार आवडली.

पण परीक्षण म्हटले की दोषही सांगितले पाहिजेत. चित्रशाळेपाशी माझे मन अडखळते. तिथल्या युरोपीय चित्रांचा संग्रह लंडनच्या स्पीलमन नावाच्या कलासमीक्षकाच्या सल्ल्याने जमवला गेला. पहिले महायुद्ध सुरू झाले, चित्रे विलायतेतच अडकली, आणि १९१४ ला बांधून झालेली चित्रशाळा लोकांना १९२१ मध्ये पाहायला मिळाली. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. युरोपातले अस्सल तैलचित्र, छापील नव्हे, मी चाळिशी उलटल्यावर प्रथम पाहिले ते इथे; जवळ गेल्यावर रंगाचे उंचवटे दिसतात हेही मला नवे होते. म्हणून कृतघ्नपणे बोलण्याची इच्छा नाही. तरीही वाटते की, हे शिकवणे एकाच बाजूने चालले होते. बाहेरच्या जगात मोठे म्हणून जे मानले गेले ते आपल्या प्रजेला दाखवावे, हा राजाचा हेतू उदात्त खरा. पण त्यात प्रजेला दाखवण्यासारखे प्रजेकडे स्वतःचे काही असेल, ही शंका फारशी डोकावत नाही. इजिप्तची ममी आली, युरोपची चित्रे आली. पाहुण्यांनी घर भरले आणि घरची माणसे कुठे बसली आहेत ते दिसेना, असे काहीसे झाले.

या दोषाची भरपाई पुढे जमिनीनेच केली. १९५१ मध्ये बडोद्यालगतच्या अकोटा गावी (आमच्या अकोला जिल्ह्यातले अकोट ते वेगळे, नावाने घोटाळा नको) साठाहून अधिक धातूच्या जैन मूर्तींचा ठेवा सापडला. पाचव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंतच्या या मूर्ती. युरोप सोडून हिंदुस्थानात आलेले जर्मन पंडित हर्मान गोएट्झ त्या वेळी या संग्रहालयाचे संचालक होते, आणि मूर्तींचा कसून अभ्यास केला तो उमाकांत शहांनी. हातात चवरी घेतलेली एक चामरधारिणी त्यांत आहे. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. एक खेडवळ जोडपे मुलीला घेऊन आले. पुरुष पुढे गेला, तो देवमाशाच्या ओढीने. बाई मात्र थांबली. चामरधारिणीच्या अंगावरचे दागिने तिने एकेक करून पाहिले, मग मुलीला जवळ ओढून म्हणाली, “जो, आपणा जेवुं ज छे!” आणि स्वतःचा हात पुढे करून मुलीला कडे दाखवले. त्या बाईला शतक सांगता आले नसते. पण आपले आणि त्या मूर्तीचे काही नाते आहे हे तिने कोणी न सांगता ओळखले. आणि ती मूर्ती निघाली होती ती त्याच गावच्या जमिनीतून.

तिथे मला आमच्या मुलखाची आठवण झाली. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर-खिनखिनी येथे असाच धातूच्या जैन मूर्तींचा ठेवा निघाला. त्या मूर्ती नागपूरच्या संग्रहालयात आहेत, सुरक्षित आहेत, हे उत्तमच. पण खिनखिनीच्या किंवा अचलपूरच्या एखाद्या बाईला मुलीचा हात धरून, भेळ खाता खाता, त्या पाहता येतील असे ठिकाण आपल्याकडे नाही. आमच्या शाळेतल्या किती मुलांना हे नाव ठाऊक असेल? शिक्षकांच्या खोलीत मी आल्यावर विचारले. एकालाही ठाऊक नव्हते. त्यांतला एक तर मूर्तिजापूरचाच.

बागेचा दुसरा दोष नदीच्या बाबतीतला. विश्वामित्री बागेला लागून वाहते, बागेत पूलही आहे. पण बागेने नदीकडे कधी नीट तोंड केले नाही. सगळ्या वाटा इमारतींकडे जातात. नदी आपली खाली, झाडीत, मगरींसह निजलेली. मगरी खऱ्याच, लाखोंच्या वस्तीच्या शहरातून वाहणाऱ्या या नदीत त्या आजही आहेत, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा पाण्याबरोबर त्याही शिरल्या. पिंजऱ्यातले प्राणी पाहायला आलेल्या माणसाला शंभर पावलांवर एक मोकळे प्राणिसंग्रहालय आहे हे बागेने सांगायला हवे होते. आमचा भाचा पुलावर अर्धा तास मगर शोधत होता. ती दिसली नाही. दिसल्याचे तो शाळेत सांगतो.

आणि अहमदाबाद? गेलो की! एक दिवस सकाळी जाऊन रात्री परतलो. दोन्ही तीरांवर अकरा-अकरा किलोमीटर बांधलेला काठ, २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झालेला. वर २०२२ चा रंगीत पादचारी पूल. स्वच्छ, प्रशस्त, फोटो उत्तम येतात. पात्र बाराही महिने भरलेले दिसते ते नर्मदेच्या कालव्याचे पाणी सोडल्यामुळे. काठावरच्या हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. त्यांतली माणसे पाणी सोडून लांब जाऊन राहिली. या बागेने नदीकडे तोंड केले आहे, नव्हे, ती नदीशिवाय दुसरीकडे पाहतच नाही. चालून चालून पाय दुखले तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, इथं पाहायचं काय आहे?” मी पाण्याकडे बोट दाखवले. तिने पाहिले आणि पुढे चालू लागली. तिचा दोष नव्हता. वाट लांब होती, पण वाटेवर अडवणारे काही नव्हते.

बडोद्याला परतल्यावर बहिणीने सेवउसळ केली होती, तीवर तिखट रस्सा ओतून. तिच्या सासूबाईंनी विचारले, “आमची कमाटीबाग बरी की ते?” मी उत्तर देण्याआधी आमच्या घरातल्या तिघांनी दिले.

मधल्या सुट्टीतल्या चर्चेत मी आता निराळेच बोलू लागलो आहे, म्हणून सहकाऱ्यांत थोडा अप्रिय झालो आहे. पाण्याची भिंत किती उंच हवी, दिवे कोणत्या रंगाचे हवेत, हे ते सांगतात. मी विचारतो, तिथे ठेवायचे काय? अचलपूर ही इमादशाहीच्या काळातली वऱ्हाडची राजधानी. गावाबाहेर तळ्यात उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा अजून दिसतो. मेळघाटच्या कोरकूंची हत्यारे, भांडी, वाद्ये आहेत. सरकीचे आणि रुईचे सारे यंत्रशास्त्र आहे. अचलपूर-मूर्तिजापूर शकुंतलेचे डबे आहेत. यांतले काही झोपाळ्याच्या वाटेवर आणून ठेवता येईल का, एवढेच माझे म्हणणे. त्यावर “मास्तर, आधी बाग तर होऊ द्या,” असे उत्तर मिळते, आणि घंटा होते.

परतीच्या गाडीत पहाटे मूर्तिजापूर आले. भाचा जागा होता. खिनखिनीचे मी त्याला रात्रीच सांगितले होते. खिडकीला नाक लावून तो अंधारात पाहत होता, मग म्हणाला, “मामा, थे खिनखिनी कोन्या बाजूनं हाये?” मला बाजू सांगता आली नाही.