यंत्रनिर्मित चित्र आणि चित्रकाराची मुद्रा

औंढा नागनाथच्या मंदिरासमोर उभे राहून जो मनुष्य पायथ्यापासून शिखरापर्यंत स्वस्थपणे दृष्टी फिरवील, त्याच्या ध्यानी एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. खाली पाषाणाच्या थरांत हत्तींची ओळ, देवदेवता आणि सुरसुंदरी अशी गजबजलेली यादवकालीन शिल्पसृष्टी आहे, तर वर अहिल्याबाई होळकरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या जीर्णोद्धारातले साधे चुनेगच्ची बांधकाम आहे, आणि या दोहोंमधला सांधा कोणीही झाकलेला नाही. उत्तरकालीन गवंड्याने पूर्वकालीन पाथरवटाची नक्कल केली नाही. जे आपल्याला साधते तेवढे आपल्या रीतीने उभे केले. स्वतंत्रपणे चित्रे काढून उपजीविका करणाऱ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार मला या सांध्यापासून सुरू करावासा वाटतो.

मराठी मुद्रित चित्रकलेचा इतिहास मोठ्या मानाचा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे दीनानाथ दलालांची लयदार रेषा, रघुवीर मुळगावकरांचा मुलायम रंगफवारा व वसंत सरवट्यांचे मिस्कील निरीक्षण यांनी वाचकाची नजर अशी घडवली की सही न पाहताही चित्र कोणाचे हे घरातली माणसे सांगत. ही ओळख संपादकांच्या आश्रयावर आणि नियमित मेहनतान्यावर उभी होती. जिल्ह्याच्या गावी दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती आणि गणेशोत्सवाचे देखावे रंगवणारा पेंटर हा त्याच परंपरेचा धाकटा वारसदार. फ्लेक्स आला आणि त्याच्या हातचा ब्रश गेला. तरीही संगणकापुढे बसून मांडणी करणारा कोणी एक उरला होता. आता यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की निमंत्रणपत्रिका, मुखपृष्ठ आणि मंडळाचा फलक तयार होतो, आणि तो उरलेला मनुष्यही अनावश्यक ठरू लागला आहे.

मार्च 2025 मध्ये घरोघरची छायाचित्रे जपानच्या घिबली चित्रसंस्थेच्या शैलीत पालटून घेण्याची जी लाट आली, तिच्यात त्या संस्थेचे दिग्दर्शक मियाझाकी यांच्या आयुष्यभराच्या साधनेची किंमत एका क्षणापुरती उरली. प्रत्येक चित्रकार गिरवूनच शिकतो, मग यंत्राने शिकले तर बिघडले काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु दलालांची रेषा गिरवणाऱ्या विद्यार्थ्याचा हात वर्षानुवर्षे चुकतो, आणि त्या चुकण्यातूनच एके दिवशी त्याची स्वतःची रेषा निघते. शिवाय तो ज्याच्याकडून शिकला त्याचीच गिऱ्हाइके घाऊक भावाने पळवीत नाही.

आपल्या परंपरेत नावाचे एवढे स्तोम नव्हते, हा दुसरा आक्षेप औंढा नागनाथच्याच जिल्ह्याच्या भूमीवर तपासता येतो. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ‘नामा’ या मुद्रेखाली आज जे अभंग मिळतात त्यांत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याची आणि इतरांची रचना मिसळलेली आहे. तथापि त्या उत्तरकालीन कवींची रचना, जाणून वा अजाणता, एका थोर नावाच्या छायेत विलीन झाली. जे दिले गेले ते त्यांचे स्वतःचे होते. यंत्राचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे: ते असंख्यांची कृती उचलते आणि नावे पुसते.

आणि संमतीची वाट काही अशक्य नाही. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या 2024 च्या चित्रपटासाठी दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकरवी घेतले, ते त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेऊन आणि मोबदला देऊन. आशा भोसले यांच्या आवाजाला 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. परंतु कीर्तिवंतांना जे न्यायालयात मिळते ते सामान्य चित्रकाराला कसे मिळावे? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते खरे. पण आपली रेषा लक्षावधी चित्रांच्या राशीत विरघळली, हे कळमनुरीच्या किंवा वसमतच्या चित्रकाराने कोणत्या दप्तरातून सिद्ध करावे?

म्हणून माझे मत असे की स्वतंत्र कलावंताने, जुन्या चित्रावरचे डाग काढणे किंवा पत्राचा तर्जुमा करणे अशा किरकोळ कामाला यंत्र खुशाल वापरावे. परंतु ज्या चित्राखाली आपली सही पडणार ते चित्र त्याच्याकडून काढून घेऊ नये, आणि कोठे यंत्राचा हात लागलाच तर, औंढ्याचा सांधा जसा उघडा आहे तशी, उघड कबुली लिहून द्यावी. यात कलावंताचे काही गिऱ्हाईक जाईल, हे मी नाकारीत नाही. तो तोटा त्याने एकट्याने सोसावा, हे मात्र अन्यायाचे आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: चित्रकाराला योग्य मेहनताना द्या, त्याचे नाव ठळक छापा, आणि चित्र यंत्राचे असेल तर तेही त्याच जागी, त्याच टाइपात छापा.