पोस्टरचे वय आणि पट्टीची साक्ष

जुन्या चित्रपटांच्या पोस्टरांना आता भाव आला आहे. जो कागद एके काळी खळ लावून भिंतीवर डकवला जाई आणि नवा चित्रपट आला की ज्याच्यावरच दुसरा कागद चढे, तो आज काचेच्या चौकटीत बसून दिवाणखान्यात जातो. भावाबरोबर एक प्रश्नही आला: पोस्टर ‘मूळ’ आहे का? म्हणजे चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हाचे, की नंतर छापलेले? याचे उत्तर कसे शोधावे, हे पाहायलाच हवे. पण हा प्रश्न आपण नीट विचारतो का, हेही तपासायला हवे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातून पाहिले की त्यातली गफलत लवकर ध्यानात येते.

पोस्टरविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते बहुतांशी चित्रकारांविषयी. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक. पुढे कोल्हापूरचेच जी. कांबळे, त्यानंतरच्या पिढीत ‘दीवार’चे दिवाकर करकरे. हा गौरव रास्तच आहे. मात्र चित्र कोणाचे हे कळले, तरी हातातला कागद कधीचा हे कळत नाही. चित्र एकदा रंगवले जाते, छपाई पुनःपुन्हा होते. ‘मदर इंडिया’ (१९५७) कितीतरी वर्षे पुन्हा पुन्हा लागत राहिला, आणि नांगर पेललेली नर्गिसही त्याच्याबरोबर पुन्हा पुन्हा छापली गेली. पोस्टरवर ऑस्करच्या नामांकनाचा उल्लेख असेल, तर ते १९५८च्या आधीचे असूच शकत नाही. चित्र तेच असले तरी कागद दुसरा.

म्हणून नजर चित्रावरून कडेच्या बारीक अक्षरांकडे वळवावी. मुद्रकाच्या पत्त्यात ‘मुंबई ४’ असा विभागक्रमांक आहे की ‘४०० ००४’ असा सहा आकडी पिन कोड? पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तेव्हा ‘सोंगाड्या’च्या (१९७१) पोस्टरवर पिन कोड दिसला, तर ती पहिली छपाई नव्हे. ‘यू/ए’ हे प्रमाणपत्र जून १९८३मध्ये आले. सत्तरीतल्या चित्रपटाच्या पोस्टरवर ते असेल, तर कागद नंतरचा. ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ १९९५मध्ये झाले, पण ही खूण फक्त इंग्रजी मजकुरापुरती. मराठी पोस्टरवर मुंबई आधीपासून मुंबईच आहे.

त्यानंतर भिंग घ्यावे. शिळाछापात रंगाचा पोत खडूने घासल्यासारखा दाणेदार दिसतो. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसते. नावांचा क्रमही बोलका असतो. पहिल्या वेळी तिसऱ्या ओळीत असलेला नट पुढे मोठा झाला, की पुनःप्रदर्शनाच्या पोस्टरवर तो वर सरकतो.

या सगळ्या खुणांना एक मर्यादा आहे, आणि बाजारात नेमकी तीच विसरली जाते. खूण ‘याच्या आधीचे नाही’ एवढे ठामपणे सांगते. ‘याच्या नंतरचे नाही’ असे ती क्वचितच सांगते. पिन कोड असला म्हणजे कागद १९७२नंतरचा, हे पक्के. तो नसला म्हणजे आधीचा, हे पक्के नाही. छापखाना जुनाच मजकूर वर्षानुवर्षे वापरू शकतो.

वरची मर्यादा सांगणारा पुरावा बहुधा पोस्टरवर नसतो. तो त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा सोबतच्या हँडबिलावर असतो. टॉकीजचे नाव, खेळांच्या वेळा, तिकिटाचे दर. ‘नये पैसे’ हा शब्दप्रयोग अधिकृतपणे १ एप्रिल १९५७ ते १ जून १९६४ एवढाच चालला. म्हणजे दर नव्या पैशांत असतील, तर काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण पडते. गावाखाली ‘पश्चिम खानदेश’ असेल तर काळ महाराष्ट्र राज्य होण्याच्या आगेमागे संपतो. ‘जि. धुळे’ असेल तर त्यानंतरचा, आणि ‘जि. नंदुरबार’ असेल तर १ जुलै १९९८नंतरचा. नंदुरबारच्या कागदाचे वय असे जिल्ह्याच्या नावावरून मोजता येते. ही सोय मुंबईच्या पोस्टरला नाही.

पण विक्रीसाठी पोस्टर साफ करताना पहिल्यांदा निघते ती हीच पट्टी. खळीचे डाग धुतले जातात, फाटकी कड कापली जाते. कागद देखणा होतो आणि मुका होतो.

गफलत आहे ती इथे. ‘मूळ’ म्हणजे पहिल्या प्रदर्शनाचे, ही व्याख्या मोठ्या शहरातल्या प्रेक्षकाची आहे. तंबूतल्या सिनेमाकडे येणारी रिळे बहुधा शहरात वापरून झालेली असत. सारंगखेड्याच्या यात्रेला धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या माणसाने एखादा चित्रपट दहा वर्षांनी पाहिला असेल, तर त्याच्यापुरता तोच पहिला खेळ. ज्याला अक्षरे वाचता येत नव्हती त्याच्यासाठी तर चित्र हाच सगळा मजकूर. बाजार ज्याला ‘नंतरची छपाई’ म्हणून खाली ठेवतो, तेच त्या प्रेक्षकाचे मूळ पोस्टर होय.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण इथे उपयोगी पडेल. तिथे ‘डेबिल’ नावाची अरुंद, उभी पोस्टरे निघत. अमेरिकी पोस्टरावरचे चित्र स्थानिक कारागीर पुन्हा रेखाटत आणि ते स्वस्त शिळाछापात छापले जाई. आज संग्राहक त्यांना स्वतंत्र वस्तू मानतात आणि त्यांचा काळही स्थानिक खुणांवरूनच ठरवतात. युद्धकाळातल्या कागदटंचाईत डेबिलचा आकार आक्रसला. नोव्हेंबर १९७१मध्ये तिथली प्रमाणपत्रे बदलली, ती नवी अक्षरे पोस्टरवर आली. आपल्या ‘यू/ए’सारखीच ही खूण. नक्कल म्हणून हिणवता येईल असा कागद तिथे त्या भूमीचा दस्तऐवज ठरला.

आपल्याकडे हे व्हायचे तर संग्रहाच्या नोंदवहीत चित्रपट, साल, चित्रकार यांच्या जोडीला आणखी दोन रकाने हवेत: कागद कुठे लागला होता, आणि त्याच्यावर काय चिकटवले होते. चित्रपट केव्हा बनला हे पुस्तकांतून कळते. तो नंदुरबारला केव्हा पोचला, हे सांगणारी पट्टी एकदा खरवडली की दुसरा साक्षीदार मिळणे कठीण. जुने पोस्टर हाती आले, तर ते पुसण्याआधी वाचावे.